'सखल ढग', 'धुरके' आणि एक शब्दयोगी अव्यय

वणव्यांच्या धुराचा समुद्रकाठच्या ढगांवर काय परिणाम होतो, यासंबंधीच्या लेखाचे भाषांतर करताना 'सखल किनारी ढगांवरील धुरके' असे लिहिलेले चालेल का, अशी विचारणा सांगलीच्या एका वाचकाने केली आहे. माझ्या मते चालणार नाही.

'सखल' हे विशेषण मराठीत जमिनीला लागते. कृष्णेला पूर आला की सांगलीच्या सखल भागात पाणी शिरते; ढगाला कोणी सखल म्हणत नाही, आणि या रचनेत सखल काय आहे, किनारा की ढग, हेही उमगत नाही. आमच्या साताऱ्यात पावसाळ्यात कासच्या वाटेवर 'ढग खाली उतरलेत' असे म्हणतात, परंतु हे समुद्रावरचे ढग कोठून उतरलेले नसतात, तर गार पाण्यालगतच्या दमट हवेत, साधारण दोन किलोमीटरच्या आत, तेथेच तयार होतात. म्हणून नुसते 'खालचे ढग' म्हणावे.

'धुरके' हा धूर आणि धुके यांचा जोडशब्द. इंग्रजीतला 'स्मॉग' लंडनमध्ये १९०५ साली प्रचारात आला, त्याच धर्तीचा. पण धुरके शहरात, जमिनीलगत, आपल्या नाकातोंडात जाणारे असते. लेखातला धूर निराळा आहे आणि तो ढगाशी एकजीव झालाच आहे, असेही नाही.

खरी मेख 'ढगांवर'मधला 'वर' आणि 'ढगांत'मधला 'त' यांत आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला साताऱ्याजवळ यवतेश्वराच्या बाजूला डोंगर पेटला (वणवा लागला असे बोलताना क्वचितच कोणी म्हणते), तर दुसऱ्या दिवशी सकाळी धुराचा पट्टा शहरावर पट्टीने आखल्यासारखा आडवा दिसतो, कारण त्याच्या वरची हवा खालच्या हवेपेक्षा उबदार असते आणि ती झाकणासारखी बसते. समुद्रावरच्या खालच्या ढगांवरही असेच झाकण असते. जून ते ऑक्टोबर या काळात आफ्रिकेच्या दक्षिण भागातील आगींचा धूर वाऱ्याबरोबर अंगोला-नामिबियाच्या किनाऱ्यापलीकडे जातो, तेव्हा तो बऱ्याचदा ढगांच्या वर राहतो. त्यातली काजळी ऊन शोषून तो थर तापवते, झाकण अधिक घट्ट होते, वरची कोरडी हवा ढगात कमी मिसळते आणि ढग टिकतो. तोच धूर ढगात शिरला, तर काजळीच्या उष्णतेने थेंब आटू शकतात. उलट धुराच्या कणांभोवती पाणी जमून थेंब पुष्कळ पण बारीक झाले, तर ढग अधिक पांढरा होतो आणि भुरभुर कमी पडते. 'वर' हे अव्यय की 'त' हा प्रत्यय, एवढ्यानेच सगळा अर्थ फिरतो, आणि 'धुरके' म्हटले की तो भेदच पुसला जातो.

९ सप्टेंबर २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भरदिवसा आभाळ नारिंगी झाले, त्या दिवशी वणव्यांचा धूर बराचसा समुद्रावरून आलेल्या ढगाळ थराच्या वरच होता. त्यामुळे दिवे लावावे इतका अंधार झाला, तरी जमिनीलगतची हवा त्या मानाने बरी राहिली. याला धुरके म्हटले असते, तर वाचकाने नेमके उलटे चित्र डोळ्यांपुढे आणले असते.

आता 'वरील'. 'ढगांवरील धूर' यात तो स्थान दाखवतो, तर 'धुराचा ढगांवरील परिणाम' यात संबंध. दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत, पण एकाच परिच्छेदात आले की वाचक अडखळतो. म्हणून स्थान सांगायचे तेथे 'ढगांच्या वर असलेला धूर' किंवा 'ढगांत मिसळलेला धूर' असे उलगडून लिहावे, आणि शीर्षकाला 'वणव्यांचा धूर आणि किनाऱ्यालगतचे खालचे ढग' एवढे पुरे.