वाचकांचे प्रश्न: पीएचपीतली फंक्शन

प्रश्न: फाइलीत सर्वांत वर सवलतीचा दर 10 लिहून ठेवला आहे. खालच्या फंक्शनला 500 दिले की 450 यायला हवेत, पण 500च परत येतात. एररही दिसत नाही.

उत्तर: पीएचपीत बाहेरचे व्हेरिएबल फंक्शनच्या आत आपोआप पोचत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ते पोचते, त्यामुळे तिकडून आलेल्यांची इथे हमखास फसगत होते. तुमच्या फंक्शनपुरता ‘दर’ म्हणजे किंमतच न दिलेले व्हेरिएबल. गुणाकारात त्याचा शून्य धरला जातो, सवलत शून्य निघते आणि 500 जसेच्या तसे राहतात. पीएचपी 8 अशा वेळी वॉर्निंग देते; ती दिसत नाही याचा अर्थ बहुधा ‘डिस्प्ले एरर्स’ हे चुका पडद्यावर दाखवणारे सेटिंग बंद आहे. लाइव्ह साइटवर ते बंदच हवे, पण स्वतःच्या मशीनवर चालू ठेवा.

दर दुसरा पॅरामीटर म्हणून आत द्या. फंक्शनच्या आत ‘ग्लोबल’ लिहून बाहेरचा दर घेतला तरी काम भागते, पण मग फंक्शन कोणत्या दराने चालले हे कॉल वाचून कळत नाही, आणि दुसऱ्याच एखाद्या फाइलीने दर बदलला तर चूक शोधण्यात दिवस जातो. दर सहसा 10च असेल, तर पॅरामीटरपुढे ‘= 10’ लिहा; मात्र असा डिफॉल्ट असलेला पॅरामीटर शेवटी ठेवा. रकमेच्या पॅरामीटरआधी ‘फ्लोट’ (दशांश संख्येचा प्रकार) लिहिलेत, तर आकड्याऐवजी अक्षरे आल्यास तिथेच टाइप एरर मिळेल. ही सवय जरूर लावून घ्या.

प्रश्न: ‘एकूण:’ या मजकुराला डॉटने फंक्शन जोडून इको केले, तर ‘450एकूण:’ असे उलटे का छापले जाते?

उत्तर: फंक्शनमध्ये रिटर्नऐवजी (उत्तर परत देण्याऐवजी) इको (थेट छापणे) लिहिले आहे. मजकूर जोडण्यासाठी आधी फंक्शन चालवावे लागते. ते 450 छापून टाकते आणि परत काहीच देत नाही. बाहेरच्या इकोच्या हाती फक्त ‘एकूण:’ उरते. आतला इको काढून रिटर्न लिहा. रिटर्नच्या पुढच्या ओळी चालत नाहीत, म्हणून हिशेब त्याआधी पुरा करा.

प्रश्न: ‘कॅनॉट रीडिक्लेअर’ (फंक्शन पुन्हा जाहीर करता येत नाही) असा एरर येतो.

उत्तर: फंक्शनची फाइल बहुधा दोनदा जोडली गेली आहे. ‘इन्क्लूड’च्या जागी ‘रिक्वायर वन्स’ वापरा. तरीही एरर राहिला, तर त्याच नावाचे फंक्शन बहुधा दुसरीकडेही आहे. फंक्शनच्या नावात इंग्रजी लहान-मोठी अक्षरे वेगळी धरली जात नाहीत, हे शोधताना ध्यानात असू द्या.