'स्थगित' निवडणूक आणि तिचा भाऊ ठग

प्रश्न असा आहे: काश्मीरमध्ये हिंसाचारामुळे निवडणूक 'स्थगित' झाली म्हणावं की 'तहकूब'?

बातम्यांत हल्ली सरसकट सगळंच 'स्थगित'! दंगलीमुळे एखाद्या केंद्रावरचं मतदान थांबलं, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५७ खाली ते तहकूब होतं. आधी दिलेली मतं टिकतात, उरलेलेच नंतर मत देतात. यंत्रंच पळवली वा फोडली तर कलम ५८, म्हणजे फेरमतदान, सगळ्यांनी पुन्हा. श्रीनगरच्या लोकसभा पोटनिवडणुकीत ९ एप्रिल २०१७ ला हिंसाचारात आठ माणसं दगावली, मतदान सात टक्के. नंतर ३८ केंद्रांवर फेरमतदान घेतलं, तर तिथे जेमतेम दोन टक्के. त्या धसक्याने अनंतनागच्या पोटनिवडणुकीचं १२ एप्रिलचं मतदान २५ मेवर ढकललं, मग रद्दच केलं. जागा २०१९ पर्यंत रिकामी! रिकामी जागा सहा महिन्यांत भरण्याचं बंधन आहे, पण निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून 'अवघड आहे' असं प्रमाणित केलं की त्यातून सुटका. यात स्थगित काय झालं? स्थगिती कोर्ट देतं.

आता खरी गंमत. संस्कृत 'स्थग्' म्हणजे झाकणे. स्थगित म्हणजे मुळात थांबलेलं नव्हे, झाकलेलं. लॅटिन 'तेगेरे' याच कुळातलं, त्यातूनच 'प्रोटेक्ट' आला. म्हणजे 'प्रोटेक्शनसाठी स्थगित' म्हटलं, तर ती एकाच धातूची द्विरुक्ती. आणि 'स्थग' म्हणजे लबाड. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनिअर-विल्यम्स हाच अर्थ देतात. त्यातूनच आपला ठग. काही कोशकार उलट सांगतात: देशी 'ठग'वर मागाहून संस्कृतचा शेंदूर फासून 'स्थग' केला म्हणे. मग झाकणे आणि फसवणे इतके शेजारी कसे, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. फसवणुकीवर 'पांघरूण घातलं' असं आपण आजही म्हणतोच.

राहता राहिली जम्मू-काश्मीरची विधानसभा. २१ नोव्हेंबर २०१८ ला बरखास्त झाली. २०१९ मध्ये तिथे लोकसभेचं मतदान झालं, विधानसभेचं नाही, कारण सुरक्षेचं. सुप्रीम कोर्टाने ३० सप्टेंबर २०२४ ची मुदत घातली तेव्हा कुठे तारखा निघाल्या, त्यातही शेवटचा टप्पा १ ऑक्टोबरचा. जाहीरच न झालेली निवडणूक तहकूब होत नाही, रद्दही होत नाही. हिला मात्र खुशाल स्थगित म्हणा, धात्वर्थाने.