'रिलीज १५' ला 'आवृत्ती १५' म्हणावं का?

प्रश्न एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीचा आहे. ती मोबाइल नेटवर्कच्या स्टँडर्ड्सचा अभ्यास नुकताच सुरू करतेय, रिपोर्ट मराठीत लिहायचाय, आणि तिला विचारायचंय की '३जीपीपी रिलीज १५' ला 'आवृत्ती १५' लिहिलं तर चालेल का, आणि रिलीज १५ म्हणजेच ५जी ना?

मराठीत रिपोर्ट लिहितेयस याचा खरंच आनंद झाला. पण आवृत्ती नको लिहूस, कारण तो शब्द तुला दुसरीकडे लागणारेय. ३जीपीपी ही १९९८ साली सुरू झालेली, वेगवेगळ्या देशांतल्या स्टँडर्ड संस्थांनी मिळून चालवलेली व्यवस्था (आपल्याकडची टीएसडीएसआय पण त्यात आहे), आणि तिची कागदपत्रं म्हणजे शेकडो वेगवेगळे स्पेसिफिकेशन. त्यातल्या प्रत्येकाला स्वतःचं व्हर्जन असतं, ते सारखं बदलत असतं, त्याला मराठीत आवृत्ती म्हणणं अगदी बरोबर. रिलीज म्हणजे अमुक टप्प्यापर्यंत ठरलेल्या सगळ्या फीचर्सचा मिळून एक संच. दिवाळी अंक आणि त्यातल्या एकेका लेखाचे खर्डे, असा फरक आहे हा. दोन्हीला आवृत्ती म्हटलंस तर 'आवृत्ती १५ ची आवृत्ती १५.३.०' असं वाक्य येईल आणि वाचणारा तिथेच अडकेल.

तो आकडा जरा नीट बघ, १५.३.०. पहिला १५ म्हणजे रिलीज, मधला ३ तांत्रिक बदल झाला की वाढतो, शेवटचा फक्त भाषेच्या वगैरे दुरुस्तीला. पहिला आकडा ०, १ किंवा २ असेल तर तो कागद अजून कच्चा आहे, मंजूर झाला की मग रिलीजचा आकडा बसतो. डाउनलोड केलेल्या फाइलचं नाव ३८३३१-एफ३० असं काहीतरी दिसेल, त्यातला ३८३३१ हा स्पेसिफिकेशनचा नंबर (३८.३३१), आणि एफ म्हणजे १५ च, कारण नवाच्या पुढे एकच अक्षर वापरायचं म्हणून दहाला ए, अकराला बी असं मोजत जातात. हे कळलं की कागद न उघडता तो कुठल्या रिलीजचा आहे ते सांगता येतं. आधी रिलीजना वर्षाची नावं होती, रिलीज ९९ पर्यंत, मग एकदम रिलीज ४ आलं, कारण रिलीज ९९ च्या कागदांवर पहिला आकडा ३ होता.

आता ५जीचं. ५जीचा रेडिओ, म्हणजे एनआर, पहिल्यांदा रिलीज १५ मध्ये आला हे खरं. पण एलटीईचे (५जीच्या आधीच्या रेडिओचे) कागद, ३६ नंबरने सुरू होणारे, त्यांचंही रिलीज १५ आहे! ३६.३३१ ची १५.३.० आवृत्ती एलटीईची, ३८.३३१ ची १५.३.० एनआरची. म्हणजे रिलीज आडवं कापतं, पिढी (४जी, ५जी वगैरे) उभी. ५जीसुद्धा १५ वर थांबलं नाही, १६ आणि १७ पण त्यातच, १८ पासून ५जी-अॅडव्हान्स्ड म्हणतात.

पिढी हा शब्द तसाही फार सैल आहे. आयटीयूने (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) ४जीसाठी अट ठेवली होती, सावकाश फिरणाऱ्याला १ गिगाबिट आणि वेगाने जाणाऱ्याला १०० मेगाबिट प्रति सेकंद. रिलीज ८ चं मूळ एलटीई त्यात बसत नव्हतं, बसलं ते रिलीज १० चं एलटीई-अॅडव्हान्स्ड. पण कंपन्यांनी साध्या एलटीईलाच ४जी म्हणून विकायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१० मध्ये आयटीयूनेही तसं म्हणायला हरकत नाही असं सांगून टाकलं. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं '४जी' लिहून भागत नाही, कुठलं रिलीज ते लिहावंच लागतं.

मग रिलीजला मराठी काय? 'प्रकाशन' मला पटत नाही, त्यात छापून बाहेर काढणं येतं, संच येत नाही. मी सरळ 'रिलीज' ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'फीचर्सचा ठरलेला संच' लिहीन. रिलीज फ्रीझ होतं त्याला मात्र 'गोठवणं' झकास बसतं, खातं गोठवतात तसंच, त्यानंतर नवीन फीचर घेत नाहीत, फक्त दुरुस्त्या. तुझं वाक्य असं होईल: 'एनआरचं ३८.३३१ हे स्पेसिफिकेशन, रिलीज १५, आवृत्ती १५.३.०.'