लगेजच्या डब्याचं वय कसं काढायचं?

प्रश्न : कर्जतजवळ एका शेतावर रेल्वेचा जुना डबा ठेवलाय. निळा रंग उडालाय, खालून मरून दिसतो, सामान चढवायची रुंद दारं आहेत. मामा दादरच्या पार्सल ऑफिसात होते, ते म्हणतात हा लगेजचा डबा, जीआयपी या जुन्या रेल्वेच्या काळातला. पण चाकापाशी १९६४ कोरलंय, तर मामा म्हणे चाकं नंतर बदलली असतील! बाजूला ८८७ वाचता येतं, त्यानंतरचे दोन आकडे गंजलेत. खरं काय धरायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मामांचं लगेज बरोबर, जीआयपी चूक. जीआयपी १९५१ मध्येच संपली, तिची मध्य रेल्वे झाली. तुमचं उत्तर त्या ८८७ मध्येच आहे, कारण पाच आकडी नंबरात पहिले दोन म्हणजे साल, डबा बांधल्याचं किंवा पुन्हा बांधून काढल्याचं, म्हणजे १९८८, आणि उरलेले तीन डब्याचा प्रकार सांगतात, त्यात ७०१ ते ८०० एसएलआरचे, आणि तुमचे तीन ७ नेच सुरू होतात. एसएलआर म्हणजे थोडी जनरलची बाकं, थोडं लगेज आणि गार्डची केबिन, सगळं एकाच डब्यात, पण पार्सलवाल्यांचा संबंध लगेजच्या दाराशीच येतो ना, मग ते लगेजचा डबाच म्हणणार. रंगही जुळतो, मरून डबे निळे व्हायला लागले ते ९० च्या दशकात.

आता १९६४. आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो पण वर्कशॉपात बोगी म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, आणि दुरुस्तीला डबा उचलला की खालचे भाग बदलले जातात, त्यामुळे तिथलं साल त्या लोखंडाचं, डब्याचं नाही. चाकं बदलली हे मामांचं खरंच असेल, फक्त डब्याखाली आलेला भाग डब्यापेक्षा म्हातारा निघाला.

पुढच्या खेपेला टॉर्च न्या. नंबर आतही रंगवलेला असतो, तिथे गंज कमी, तो पूर्ण मिळेल. मग डब्याच्या टोकाची भिंत ओल्या फडक्याने हलकेच पुसा (घासू नका, अक्षरं जातील), तिथे पीओएच म्हणजे मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि वर्कशॉप लिहितात, माटुंगा निघालं तर डबा आपल्याच मुंबईत दुरुस्तीला येत होता. आणि गार्डच्या केबिनजवळ छोटं जाळीचं दार दिसतंय का बघा, तो डॉग बॉक्स, त्यातून लोकांची कुत्री प्रवास करायची. सापडला तर मामांना आधी फोटो पाठवा, कुत्र्यांच्या पावत्यांचे किस्से त्यांच्याकडे नक्की असतील.