आरतीचे ताट आणि आपले मराठीपण

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

आपण ख्रिस्ती, म्हणून गल्लीतल्या गणपती मंडळात तू आरतीचे ताट हाती घेतले नाहीस, तेव्हा मित्रांनी ‘तू मराठी नाहीस का?’ असे विचारल्याचे तू लिहिलेस. आरतीला नको म्हणणारी आजी शेजारच्या काकूंकडे जेवायला मात्र आनंदाने पाठवते, हे कसे, असेही तू विचारले आहेस.

बायबलमधली, बाबेलात बंदी करून नेलेल्या तीन यहूदी तरुणांची गोष्ट तू संडेस्कूलमध्ये बहुधा अग्नीच्या भट्टीपासून ऐकली असशील; मला तिचा आधीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो परक्यांची भाषा आणि विद्या शिकले, त्यांनी ठेवलेल्या नावांनी वावरले, राजाच्या चाकरीतही राहिले. पण वाद्ये वाजताच सोन्याच्या मूर्तीपुढे सर्वांनी दंडवत घालावे असा हुकूम सुटला, तेव्हा ते वाकले नाहीत, आणि म्हणूनच त्यांना भट्टीत टाकले गेले. परक्या देशाचे इतके सारे घेऊनही त्यांची भक्ती एका देवाचीच राहिली. आपल्यावर तर कोणी मराठीपण लादलेले नाही, ते आपलेच आहे. आजीच्या मंगळसूत्रात क्रूस आहे, नाताळला आपल्या घरी करंज्या होतात आणि चर्चमध्ये आपण अभंग गातो. ज्यांनी असे अभंग रचले ते नारायण वामन टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेऊनही कीर्तने करत, आणि 1917 साली मिशनची चाकरी सोडून आपल्या शेजारच्या साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ते मराठी नव्हते, असे तुझे मित्रही म्हणणार नाहीत.

जेवणाविषयी प्रेषित पौलाने बायबलमधल्या एका पत्रात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिले आहे. तेथे मूर्तीला वाहिलेले मांस बाजारातही येत असे. म्हणून त्याने सांगितले, की कोणी जेवायला बोलावले तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खावे, पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते खाऊ नये. काकूंना हे पत्र ठाऊक नसेल, तरी त्या नैवेद्य दाखवण्याआधीच आपल्यासाठी मोदक बाजूला काढून ठेवतात. अशा शेजारधर्माला नाही म्हणण्याचे कारण मला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मित्र तुला विचारणार नाहीत, म्हणून मीच लिहिते. लोभालाही पौलाने मूर्तिपूजाच म्हटले आहे. येथे आयर्लंडमध्ये जादा पगारासाठी रविवारची ड्यूटी मागून घ्यावीशी वाटते, तेव्हा मला ते वाक्य आठवते. आणि आरतीला हात न जोडणारी आपलीच काही माणसे सोयरीक जुळवताना हळूच जात विचारतात. चारचौघांत ताट नाकारण्यापेक्षा घरच्या बैठकीत त्या प्रश्नाला विरोध करणे मला अधिक अवघड वाटते, आणि अधिक गरजेचेही.

पुढच्या वेळी ताट समोर आले तर वाद न घालता ‘मी आरती करत नाही, पण मांडवाच्या कामाला येतो’ असे सांग आणि खरोखरच जा. खुर्च्या उचलायला, सतरंज्या घालायला माणसे लागतातच. लेझीम शाळेत मनसोक्त खेळ. विसर्जनाच्या मिरवणुकीत खेळावे की नाही, हे आजीशी बोलून ठरव.

तुझी आई