मोठ्या शहरात चार दिवस : काय पाहावे, काय सोडावे

प्रश्न : आम्ही दोघे प्रथमच परदेशातील एका मोठ्या शहरात चार दिवस राहणार आहोत. इंटरनेटवरून आणि मित्रमंडळींकडून ‘हे चुकवूच नका’ अशी सत्तावीस ठिकाणे जमली आहेत. ती सगळी चार दिवसांत कशी बसवावीत?

उत्तर : ती बसत नाहीत, आणि बसवण्याचा अट्टहासही करू नये. सत्तावीसला चाराने भागले की दिवसाला जवळजवळ सात ठिकाणे येतात. त्यातून मधला प्रवास, तिकिटाची रांग आणि सुरक्षा तपासणी वजा केली, तर हाती उरलेल्या वेळात दारातला फोटो तेवढा निघतो. दिवसाला दोन मोठी ठिकाणे पुरेत, आणि त्या दोहोंपैकी वेळ नेमून तिकीट काढलेले ठिकाण एकच असावे, असे आम्ही अनेक चुका केल्यानंतर ठरवले आहे.

यादीला कात्री लावण्यापूर्वी कॅलेंडर समोर घ्या. पॅरिसमधले लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तर ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. म्हणजे रविवारी रात्री पोहोचून ‘सोमवारी ओर्से, मंगळवारी लूव्र’ असा बेत आखणाऱ्याला दोन्ही दिवस बंद दारे पाहावी लागतात. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो आणि तिथला जुना छपराचा बाजार, ग्रँड बझार, रविवारी. बीजिंगचे निषिद्ध नगर, म्हणजे सम्राटांचा जुना राजवाडा, सोमवारी उघडत नाही, आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर बाकी रविवारी बंद असतात. प्रस्तुत लेखकही एकदा भर उन्हात एका संग्रहालयाची सबंध प्रदक्षिणा घालून प्रवेशद्वार शोधत होता. दार सापडले तेव्हा त्यावर साप्ताहिक सुट्टीची पाटी होती.

त्यानंतर पाहावे, की कोणते तिकीट सर्वांत दुर्मीळ आहे. मिलानमध्ये लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ हे भित्तिचित्र पाहायला ठरावीक लोकांच्या गटाला एका वेळी केवळ पंधरा मिनिटे आत सोडतात, आणि अ‍ॅमस्टरडॅममधल्या अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटे फक्त ऑनलाइन मिळतात, तीही काही आठवडे आधी खुली होतात आणि हातोहात संपतात. असे एखादे ठिकाण तुमच्या मनात असेल, तर आधी त्याची वेळ मिळवावी आणि बाकीचा कार्यक्रम त्याभोवती रचावा. उलट क्रमाने गेल्यास पदरी निराशा येण्याचीच शक्यता अधिक.

उरलेली नावे नकाशावर ठिपक्यांनी मांडली, की त्यांचे पुंजके आपोआप दिसू लागतात. रोममध्ये कोलोसियम, फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलेटाइन टेकडी एकमेकांना खेटून आहेत. इस्तंबूलमध्ये हागिया सोफिया (पूर्वीचे चर्च, आताची मशीद), निळी मशीद आणि बॅसिलिका सिस्टर्न ही जमिनीखालची प्राचीन पाण्याची टाकी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. दिवसाला एक पुंजका घ्यावा. नकाशाच्या कडेला एकटा पडलेला ठिपका कितीही प्रसिद्ध असला, तरी त्याच्यासाठी अर्धा दिवस खर्चावा एवढी ओढ मनात खरोखर आहे का, हे स्वतःला विचारावे आणि नसेल तर तो बिनदिक्कत खोडावा.

प्रश्न : चित्रकलेतले आम्हाला काहीही कळत नाही. तरी मोठ्या संग्रहालयात जावे का? गेलोच, तर काय पाहावे?

उत्तर : जावे; मात्र ‘सगळे पाहू’ हा संकल्प दारातच सोडावा. लूव्रमध्ये सुमारे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत. एकेका वस्तूला अर्धे मिनिट दिले आणि रोज आठ तास न थांबता चालले, तरी महिन्याहून अधिक काळ लागेल. नकाशावर आधीच पाच-सहा वस्तूंवर खुणा करून ठेवा, दोन तासांनी बाहेर पडा, आणि वाटेत जे आपणहून समोर येईल त्यापाशी थांबा.

मोनालिसाच्या दालनातला प्रकार सांगण्याजोगा आहे. ते चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे घरातल्या मध्यम आरशाएवढे, आणि तेही काचेआड. त्याच्यासमोर सतत गर्दी असते, आणि उंचावलेल्या हातांतल्या मोबाइलच्या पडद्यांवरच ते चित्र मागच्यांना दिसते. या सगळ्या गर्दीच्या पाठीशी, नेमक्या समोरच्या भिंतीवर, वेरोनेझे या इटालियन चित्रकाराचे ‘काना येथील विवाहसोहळा’ हे १५६३ सालचे चित्र आहे. त्याची उंची ६.७७ मीटर आणि रुंदी ९.९४ मीटर, लूव्रमधले ते सर्वांत मोठे रंगचित्र. व्हेनिसच्या एका मठातल्या भोजनगृहासाठी ते रंगवले गेले आणि १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते उचलून पॅरिसला आणले. त्यात शंभराहून अधिक माणसे आहेत: वाद्ये वाजवणारे, वाढपी, कुत्री सांभाळणारे. चित्रकलेतले काही कळत नसले, तरी लग्नाच्या पंक्तीतली धांदल ओळखायला कोणाची शिकवणी लागत नाही. मोनालिसा जरूर पाहावी, पण रांगेतून बाहेर पडताना मागे वळायला विसरू नये. गर्दी टाळायची असेल तर बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडे असते. संध्याकाळी उशिरा जाणाऱ्यांना दालने बरीच मोकळी मिळतात.

प्रश्न : उंच मनोऱ्यावर जाण्यासाठी एवढी रांग लावावी का? आणि जायचेच, तर केव्हा?

उत्तर : उंचावरून शहर एकदा पाहावे, आणि शक्यतो मुक्कामाच्या सुरुवातीस; नदी कुठून वाहते, जुनी वस्ती कुठे संपते हे डोळ्यांत बसले, की पुढचे दिवस सोपे जातात. मात्र सर्वांत प्रसिद्ध मनोऱ्यावर उभे राहिले, की नेमका तोच मनोरा दिसेनासा होतो! आयफेल टॉवर वगळलेले पॅरिस पाहण्यापेक्षा विजयकमानीच्या २८४ पायऱ्या चढून आयफेलसह पॅरिस पाहणे आम्हाला अधिक रुचते. न्यूयॉर्कमध्येही एम्पायर स्टेट बिल्डिंगवर जाण्याऐवजी रॉकफेलर सेंटरच्या गच्चीवर गेले, तर एम्पायर स्टेट नजरेसमोर उभी असते. आयफेलवरच जायचे असेल तर सुमारे २७६ मीटरवरच्या सर्वांत वरच्या मजल्याचा हट्ट नको. सुमारे ११५ मीटरवरच्या दुसऱ्या मजल्यावरून रस्ते आणि इमारती ओळखता येतात, सर्वांत वरून त्यांचा नुसता नकाशा होतो. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीची वेळ मिळवावी, म्हणजे उजेड, संधिप्रकाश आणि दिवे हे तिन्ही एकाच तिकिटात पाहून होतात.

प्रश्न : सोबत सत्तरीतले आई-बाबा आहेत आणि आईचे गुडघे दुखतात. त्यांना हॉटेलवर बसवून ठेवणे बरे वाटत नाही. काय करावे?

उत्तर : बसवून ठेवण्याचे कारण नाही, त्यांना बसूनच शहर दाखवता येते. पर्यटकांच्या खास बोटींपेक्षा शहरवासीयांची रोजची फेरी बोट अनेकदा सरस ठरते. न्यूयॉर्कची स्टॅटन आयलंड फेरी विनातिकीट आहे, सुमारे पंचवीस मिनिटांची आहे आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासमोरून जाते. मॅनहॅटनहून निघताना उजव्या बाजूला जागा धरावी. इस्तंबूलमध्ये युरोपकडच्या किनाऱ्यावरून आशियाकडच्या किनाऱ्याला जाणाऱ्या बोटीतून मिनार आणि घुमट यांची रांग आरामात दिसते. संग्रहालयांत चाकाच्या खुर्चीची चौकशी संकोच न करता करावी. लूव्रमध्ये ती विनामूल्य मिळते. उलट, काही ठिकाणची चढण आधी माहीत असलेली बरी: हागिया सोफियामध्ये २०२४ पासून परदेशी पर्यटकांना फक्त वरच्या सज्जात जाता येते आणि तिथवर चढावे लागते. सकाळी एक ठिकाण, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी बोट किंवा बस, एवढाच कार्यक्रम ठेवल्यास तरुण मंडळींचीही तक्रार राहत नाही, असा अनुभव आहे.

प्रश्न : सगळ्या ठिकाणांचा एकत्रित पास घ्यावा का?

उत्तर : तुम्ही ठरवलेल्या ठिकाणांच्या तिकिटांची बेरीज पासच्या किमतीहून जास्त होत असेल, तरच. पास वसूल करण्यासाठी नावडती ठिकाणेही धावतपळत पाहिली जातात, हा त्याचा मोठा तोटा. शिवाय पास असूनही अनेक ठिकाणी वेळ वेगळी राखून ठेवावी लागते, आणि सुरक्षा तपासणीची रांग तर कोणालाच चुकत नाही.

प्रश्न : ‘आज ते बंद आहे’ असे सांगून दुसरीकडे नेणारे लोक खरे बोलत असतात का?

उत्तर : बहुधा नाही. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसबाहेर ही जुनी क्लृप्ती आहे: राजवाडा आज बंद असल्याचे सांगून टुकटुकवाला प्रवाशांना दागिन्यांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेतो. खुद्द प्रवेशद्वारापर्यंत चालत जाऊन खात्री करावी.

प्रश्न : ऐन वेळी पाऊस लागला, तर दिवस वाया जाणार का?

उत्तर : संग्रहालयाचा दिवस पुढेमागे करता येईल एवढी लवचीकता ठेवली, तर नाही. आणि तुम्ही रोममध्ये असाल, तर पावसात मुद्दाम पँथिऑन या प्राचीन मंदिराकडे जावे. त्याच्या घुमटाच्या माथ्यावर सुमारे नऊ मीटर व्यासाचे उघडे वर्तुळ आहे. त्यातून पाऊस थेट आत येतो, मधला भाग ओला होतो म्हणून तिथे दोरी बांधतात, आणि त्या दोरीभोवती उभे राहून लोक वर पाहत असतात. फरशीला मध्यभागी किंचित उंचवटा दिलेला आहे आणि तिच्यात बारीक छिद्रे आहेत. जवळजवळ एकोणीसशे वर्षे पावसाचे पाणी तिथूनच निघून जाते आहे.