क्विलचा ठोसा हा प्लॉट होल नाही, पोर्टलचं मात्र उत्तर द्या

मार्व्हलच्या ‘ॲव्हेंजर्स’ पिक्चरांबद्दल तुमचे दोन प्रश्न आहेत. टायटन ग्रहावर खलनायक थॅनॉसच्या हातातून गॉन्टलेट (जादुई खडे बसवलेला पंजा) निघत आलेलं असताना ‘गार्डियन्स’ टोळीच्या क्विलने त्याला ठोसा मारला, हा प्लॉट होल नाही का? आणि त्या खड्यांमुळे चुटकीसरशी हवं ते करता येत होतं, तर विश्वातले निम्मे जीव मारण्याऐवजी थॅनॉसने अन्नपाणीच दुप्पट का केलं नाही? वर मित्र म्हणतात की तुम्ही उगाच कीस काढता. काढा हो, आम्हीही काढतो. पण हे दोन्ही प्लॉट होल नाहीत.

पात्र मूर्खासारखं वागलं म्हणून कथेला भोक पडत नाही. पिक्चरने स्वतः घातलेला नियम स्वतःच मोडला, तर पडतं.

क्विलचंच बघा. ‘गार्डियन्स’च्या दुसऱ्या भागात (२०१७) आईच्या डोक्यात गाठ आपल्या बापानेच घातली हे कळतं, आणि दुसऱ्या क्षणाला हा बापावर गोळ्या झाडतो. विचार नाही, डाव नाही. ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये (२०१८) त्याच्या प्रेयसीने, गमोराने त्याच्याकडून वचन घेतलेलं असतं, की मी थॅनॉसच्या हाती लागले तर मला मार. वेळ येते तेव्हा तो रडवेला होऊन ट्रिगर ओढतोसुद्धा, पण थॅनॉसच्या करामतीने बंदुकीतून बुडबुडे निघतात. एवढं सोसलेल्या या माणसाला टायटनवर कळतं की तिला मारून टाकलंय, आणि मारणारा समोर गुंगीत उभा आहे. तो शांत राहिला असता, तर मी म्हटलं असतं की लेखकाने घोळ घातला.

आम्ही तर पंचवटीच्या गावचे. हा सोन्याचा हरीण नव्हे, मारीच आहे, असं लक्ष्मणाने बजावूनही राम त्याच्या मागे गेलेच. सीतागुंफेच्या रांगेत ‘इथे पटकथा गंडली’ असं कुणी म्हणताना मी तरी ऐकलेलं नाही.

थॅनॉसचं उत्तर सोपं आहे: त्याला विश्व वाचवायचंच नव्हतं, आपण बरोबर होतो हे सिद्ध करायचं होतं. टायटनवर त्याने निम्मे लोक मारायचा उपाय सुचवला, लोकांनी वेड्यात काढलं आणि ग्रह उजाड झाला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात तोच एक उपाय. (१९९१च्या मूळ कॉमिकमध्ये तर अन्नधान्याचा प्रश्नच नाही. तिथे तो मृत्युदेवीवर भाळलाय आणि तिला खूश करायला हे सगळं करतो.) बरं, उपाय तरी धड आहे का? २०१८ला जगाची लोकसंख्या ७६० कोटींच्या आसपास. निम्मी केली की आपण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पोचतो. भारताचंही तेच: २०११ला १२१ कोटी, १९७१ला ५५ कोटी. म्हणजे पन्नासेक वर्षांत पुन्हा जैसे थे, आणि याने तर खडेही नष्ट करून टाकले! योजना भिकार आहे, पण ती त्याची आहे. पटकथेने त्याला शहाणा म्हटलेलंच नाही.

खरी अडचण ‘एंडगेम’च्या (२०१९) शेवटी आहे: खडे परत ठेवायला भूतकाळात गेलेला कॅप (कॅप्टन अमेरिका) तिथेच आयुष्य काढतो आणि म्हातारा होऊन बाकावर बसलेला दिसतो. आमचा ग्रुप रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला जमतो, आणि तिथे हा विषय निघाला नाही असं सहसा होत नाही. एकाने ग्लासात बोट बुडवून टेबलावर रेघ ओढली, तिला एक फाटा काढला आणि विचारलं, ‘म्हातारा कॅप कुठल्या रेघेवर?’ भूतकाळात ढवळाढवळ केली तर आपला वर्तमान बदलत नाही, हा नियम शास्त्रज्ञ बॅनरने (म्हणजे हल्कने) सांगितलेला; खडा काढून नेला तर वेगळा फाटा फुटतो, हे जादूगारांची गुरू एन्शंट वनने दाखवलेलं. कॅप फाट्यावर जगला असेल तर परत येताना तो टाइम मशीनच्या प्लॅटफॉर्मवर उगवायला हवा होता, बाकावर नव्हे. आणि मूळ रेघेवरच जगला असेल, तर जिवलग मित्र बकी हायड्रा या दुष्ट संघटनेच्या तावडीत आहे हे माहीत असून तो इतकी वर्षं गप्प बसला? ज्या माणसाने बकीपायी टोनीशी (आयर्न मॅनशी) मारामारी केली, तो? गंमत म्हणजे पटकथाकार एक उत्तर देतात आणि दिग्दर्शक दुसरंच. तोवर टेबलावरची रेघ वाळलेली असते आणि आम्ही पाव मागवतो.

तुम्हाला भांडायचंच असेल तर पोर्टलवरून भांडा. ‘इन्फिनिटी वॉर’च्या सुरुवातीलाच न्यूयॉर्कमध्ये जादूगार वाँग पोर्टल (हवेत उघडलेलं जादूचं दार) बंद करतो आणि थॅनॉसचा साथीदार कल ऑब्सिडियनचा हात कापला जातो. मग टायटनवर वाँगचाच सहकारी जादूगार डॉक्टर स्ट्रेंजने थॅनॉसचा हात तसाच का नाही कापला? बाकीचे ते गॉन्टलेट ओढत घाम गाळतायत आणि हा नुसते जादूचे दोर धरून उभा! यावर चाहत्यांचं ठरलेलं उत्तर असतं, की त्याने १,४०,००,६०५ भविष्यं पाहिली होती आणि त्यातलं एकच जिंकायचं होतं. असं उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं, म्हणूनच मला ते पळवाट वाटतं. हात कापला असता तर पुढचा पिक्चर झाला नसता, याखेरीज दुसरं कारण मला अजून कुणी दिलेलं नाही.